देव्हाऱ्यातलं इंजेक्शन

देवावर माझा विश्वास लहानपणापासूनचा. सुईवर मात्र काडीचा नाही. ह्या दोन गोष्टींची मी मनात अशी काही गल्लत करून ठेवली होती, की तिच्यापायी एक दिवस जिवालाच मुकलो असतो.

आमच्या घराण्यात सूज आहे. कुणाकडे बागायत असते, कुणाकडे सोनं, आमच्याकडे सूज. कधी ओठ, कधी हात, कधी अख्खं तोंड काही कारण नसताना फुगतं आणि दोन-तीन दिवसांनी आपसूक उतरतं. बाबांना ती आली नेमकी गिरणी संपात. लालबागच्या आमच्या चाळीत तेव्हा घरोघरी नुसती पेज शिजत होती, माणसं वाळून काटकुळी झालेली, आणि बाबांचं तोंड टम्म! शेजारच्या तात्यांनी गॅलरीत उभं राहून जाहीर केलं, "बघा, बघा! ह्यो गुपचूप कामावर जाता. मालकाचा खाऊन गाल वर इले!" झालं, बाबा फुटीर ठरले. आमच्या मालवणी माणसांत देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा द्यायचा. त्या वर्षी चाळीच्या गणपतीपुढे बाबा हात जोडून म्हणाले, "बा गणराया, माझा तोंड सुजला हा. मी संप फोडूक नाय. माझ्यावरचो आळ दूर कर रे म्हाराजा!" कुणी तोंड उघडलं नाही. एकटी आई म्हणाली, "व्हय म्हाराजा." बाबा पुन्हा कधी गाऱ्हाण्याला उभे राहिले नाहीत.

पुढे तीच सूज माझ्याकडे आली. ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, अंगारे झाले, नवस झाले. शेवटी परळच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की हा आजार वडिलांकडून आलाय. "सूज गळ्यावर आली, आवाज बदलला, की थांबायचं नाही. पोटावर हे इंजेक्शन टोचायचं आणि तडक हॉस्पिटल गाठायचं." हिला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनी टोचायला शिकवलं. मी ते इंजेक्शन घरी आणून देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवून दिलं. ज्याने सूज दिली तोच उतरवील, मध्ये सुई कशाला? ही रोज त्या खोक्यावरही एक फूल ठेवायची. म्हणायची, "नमस्कार करा. तुमच्यापेक्षा ह्याची एक्सपायरी लांबची आहे."

गेल्या काही वर्षांत गाऱ्हाण्याचा मान माझ्याकडे आला होता. फार मोठी योग्यता होती असं नाही, मालवणी येणारे बाकीचे विरारला राहायला गेले होते. त्या गणपतीत सकाळपासून माझा गळा जड होता. मी खापर मोदकांवर फोडलं. आरती संपली, मी "बा देवा" म्हटलं आणि गळ्यातून बेडूक बोलावा तसा आवाज आला. लोकांना वाटलं, भक्तीने कंठ दाटला. तेही दाटून "व्हय म्हाराजा!" म्हणाले.

हिला मात्र कळलं. धावत घरी जाऊन ती इंजेक्शन घेऊन आली. मी हाताने खूण केली, आधी गाऱ्हाणं, मग बघू, देव आहे ना! तशी ती माझ्याकडे पाठ करून गणपतीसमोर उभी राहिली. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. हिने घातलं.

"बा गणराया! ह्या माणसाचो गळो सुजत चललो हा, आणि सुयेक भिऊन ह्यो तुझ्या पाठीमागे लपता. तेका अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ हादरली.

"आणि आत्ताच्या आत्ता सदरो वर करूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि सगळी चाळ देवाला शब्द देऊन बसली होती. मी सदरा वर केला. गणपतीच्या पोटासमोर माझं पोट. म्हाताऱ्या तात्यांनी माझे खांदे धरले, हिने सुई टोचली, आणि खरं सांगतो, मुंगी चावली असती तर जास्त ओरडलो असतो. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे तात्या जवळून बघत होते. हळूच म्हणाले, "तुझ्या बापाशीचा पण ह्याच होता काय रे?" मी मान हलवली. तात्या मटकन खाली बसले. आम्ही हॉस्पिटलला निघालो तरी ते तिथेच बसून होते.

संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात सूज उतरली, आवाज परतला. देव हाकेला धावला, पण हिच्या तोंडून बोलला. शरण जायचं म्हणजे काय करायचं, हे मला त्या दिवशी सदरा वर करताना कळलं. घरी आल्यावर हिला हात जोडले, तर म्हणाली, "नाटकं पुरेत, आधी चहा घ्या."

पुढच्या वर्षी गळा खणखणीत होता. गाऱ्हाण्याच्या शेवटी मी म्हटलं, "बा गणराया, माझ्या बापाशीचा तोंड संपात सुजला होता. तेणी संप फोडूक नाय. तेच्यावरचो आळ दूर कर रे म्हाराजा!"

मागून, सगळ्यांच्या आधी, तात्यांचा फाटका आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"