कोपऱ्यात ठेवून बघूया

प्रिती तांबे नेमकं काय काम करते, हे काळाचौकीच्या तिच्या चाळीत कुणालाच धड सांगता येत नसे. तिचे वडील गौतम, माझगावच्या गोदीतून निवृत्त झालेले वेल्डर, विचारणाऱ्याला ठसक्यात सांगत, "आभाळाकडे बघायचा डोळा बनवते." ते फारसं चूक नव्हतं. लोअर परळला एका बंद मिलच्या आवारातल्या प्रयोगशाळेत ती उपग्रहासाठी डिटेक्टर जोडत असे. दूर कुठे तारा फुटला की त्याचे क्ष-किरण बारीक फटीतून आत येऊन खालच्या तक्तीवर पडत. तक्तीच्या कुठल्या घरात पडले, त्यावरून तारा कुठल्या दिशेला फुटला ते कळे. त्या इवल्याइवल्या घरांना नंबर दिले होते प्रितीने. एमएस्सी झालेली ही बाई दरवर्षी नव्या करारावर तिथे टिकून होती. कायम करण्याचं गाजर तिला दरवर्षी दाखवलं जाई आणि तीही वेड्यासारखी त्यामागे चाले.

उपग्रह जायच्या आधी तिला एक शंका कुरतडू लागली. तिने नंबर दिले होते तक्ती समोरून बघून, आणि वायरी जोडल्या गेल्या होत्या मागून. मागून बघणाऱ्याचं डावं ते समोरच्याचं उजवं. प्रकल्पाचे प्रमुख होते गुरुदत्त सबनीस. गिरगावातलं जुनं घराणं, बोलणं कसं अगदी लोण्यासारखं.

"सर, तो चाचणीचा, क्ष-किरण सोडणारा खडा एकदा तक्तीच्या कोपऱ्यात ठेवून बघूया," ती म्हणाली.

"मधोमध ठेवून झालीय ना चाचणी? बरोबर दिसलं ना?"

"मधोमध ठेवल्यावर उलटं असलं तरी बरोबरच दिसणार, सर."

"अगं, कोपऱ्यासाठी सगळं परत उघडावं लागेल. तिकडे उड्डाणाचे लोक खोळंबलेत. तू चाचणीच्या कागदावर सही कर, मी आहे ना."

करार संपत आला होता. तिने सही केली.

पहिलाच मोठा स्फोट झाला आणि संस्थेने थाटात जगाला दिशा कळवली. देशोदेशीच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. तिकडे काहीही नव्हतं. स्फोट झाला होता बरोबर उलट्या बाजूला. जगात हसं झालं. चौकशीच्या बैठकीत प्रिती म्हणाली, "मी सरांना कोपऱ्याचं बोलले होते." सबनीस सर चहाच्या कपात बघत राहिले. अध्यक्षांनी मोठ्या मायेने विचारलं, "पण सही तुमचीच ना?" त्या खोलीत सगळ्यांना सगळं माहीत होतं, पण एकाही मेल्याची जीभ उचलली नाही. प्रितीचा करार वाढला नाही. 'मी आहे ना' म्हणणारा माणूस मात्र होता, त्याच खुर्चीत.

आणि या माणसाने पुढच्याच महिन्यात तिला फोन करावा! "प्रिती, तसाच दुसरा डिटेक्टर इथे प्रयोगशाळेत आहे ना, त्यावर ती कोपऱ्याची चाचणी करून देशील? तुझाच हात बसलाय."

ती गेली. गळ्यात पाहुण्यांचा पास अडकवून आपल्याच टेबलाशी बसली. खडा डाव्या कोपऱ्यात ठेवला, पडद्यावर उजवा कोपरा उजळला. एवढं सगळं होऊनही तिला आनंदच झाला, याचाच तिला जास्त राग आला. उपग्रहाच्या प्रोग्राममध्ये कुणीतरी डाव्याचं उजवं करणारं एक वजाचं चिन्ह घातलं आणि काम संपलं.

पुढचा स्फोट सांगितल्या जागी सापडला. त्या संध्याकाळी चाळीतल्या खोलीत टीव्हीवर सबनीस सर हार घालून बोलत होते. गौतमनी आवाज मोठा केला. सरांनी एकेकाचं नाव घेत सगळ्यांचे आभार मानले, अगदी ड्रायव्हरचेसुद्धा. गौतम शेवटपर्यंत थांबले, मग त्यांनी टीव्ही बंद केला.

"बोलावलं तेव्हा जायला नको होतंस," ते म्हणाले.

"मग सगळं आभाळ उलटंच दिसत राहिलं असतं, बाबा."

"राहू दे की," गौतम म्हणाले. "सरळ करून तुला काय मिळालं?"