हळदीकुंकवातली बोर्ड मीटिंग

थांब व पोरी, फोन ठेवू नको. आत्ता काय म्हणालीस तू मले? "मावशी, डायरेक्टर तू, पण मीटिंगले मावसाजीच जात असतीन न?" अमरावतीच्या कालेजात शिकवते अन् असं विचारते! आता आयक.

आमची शेतकऱ्यांची कंपनी. संचालक पाच : आमी तिघी बाया, दोघं बाप्ये. डाळमिल कुठं बसवायची ते ठरवायचं होतं. अध्यक्षांच्या डोक्यात हायवेवरचा प्लॉट, त्यांच्या साळ्याचा. मले मिल गावातच पाहिजे होती. माही सून रोज दोन गाड्या बदलून अकोल्याच्या मिलमध्ये कामाले जाये, लेकरू दिवसभर आईसाठी रडे. दुसरं काय पाहू मी?

अध्यक्षानं मीटिंग ठेवली नेमकी माह्या घरच्या हळदीकुंकवाच्या दुपारी. वाटलं असन, बाया येत नाहीत, काम सोपं. पण तिघांशिवाय बैठकच भरत नाही, अन् ते तर दोघंच! आले मग माह्या दारात.

"काकू, एक जण चला न. पाच मिनिटाचं काम हाय."

"एक काहून भाऊ? आमी तिघी हाओत. तुमीच आत या."

"बायांत?"

"बायांत कायले? बोर्डात या!"

बसले बिचारे सतरंजीवर, पाय आखडून. सुनेनं तिळगूळ दिला, हाताले अत्तर लावलं, अन् नादानादात दुसऱ्या संचालकाले, म्हाताऱ्या बुवाले, वाणबी देऊन टाकलं. प्लास्टिकची चाळणी! बुवानं ती मांडीवर अशी जपून धरली, की माह्या पोटात हसून हसून दुखून राहिलं.

मी कसंबसं तोंड दाबून म्हटलं, "गावातल्या जागेसाठी हात वर करा."

अवं, घरातल्या साऱ्याच बायांचे हात वर!

अध्यक्ष ओरडले, "फक्त संचालकांचे! बाकीचे खाली करा व बायांनो!"

कोणी खाली करते? शेजारीण तर दोन्ही हात वर करून बसली. शेवटी संचालकांचे मोजले. आमचे तीन, अन् चौथा बुवाचा, चाळणीसकट! सून ताट घेऊन तशीच उभी, डोळे भरलेले, ओठ हसून राहिलेले.

आता मिल उभी हाय गावात. सून पायी कामाले जाते, दुपारी लेकराले जेवू घालाले घरी येते. तिच्या हातून निघालेल्या तुरीच्या डाळीचं वरण तुले खाऊ घालाचं हाय मले. गाडीत बस अन् ये व लवकर. दोन दिवस राहाले ये, उभ्या उभ्या नको.