काकूंच्या नंबरवर

नटी व्हायला चेहरा लागतो, नशीब लागतं, असं लोकांना वाटतं. आमच्या वेळी बोरीवलीतल्या मुलीला सगळ्यात आधी फोन असलेला शेजारी लागायचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. फोनसाठी नाव नोंदवून वाट बघता बघता बाबा रिटायर व्हायला आले होते. समोरच्या काकूंकडे मात्र फोन होता आणि माझ्या प्रत्येक फोटोमागे त्यांचाच नंबर. असे फोटो घेऊन मी अंधेरीला एका कोऑर्डिनेटरकडे खेपा घालायची. नवशिक्या नटनट्यांना कामं मिळवून देणारा हा माणूस. शिंप्याच्या दुकानाच्या वर त्याची एक खोली, खोलीभर आमच्यासारख्यांचे फोटो. निर्मात्याला कोणी हवं असलं की हा दोन-चार चेहरे दाखवायचा आणि जो पसंत पडेल त्याला फोन लावायचा. "नंबर लागला नाही की मी पुढचा फोटो उचलतो," तो म्हणायचा. "राग मानू नकोस."

तोवर मी लग्नाच्या सीनमध्ये गर्दीत उभी राहिले होते, बस्स. तोंड उघडायला कुठेच मिळालं नव्हतं. आणि एक दिवस तो म्हणाला, "सिरियलमध्ये नायिकेची बहीण हवीय. संवाद आहेत. तू आणि आणखी एक मुलगी, दोघींतून ठरेल. ह्या आठवड्यात घर सोडू नकोस."

मग काय, मी काकूंच्याच घरी पडीक. त्यांचे वाटाणे सोलले, पापड वाळवले. "अगं, बघत बसलीस म्हणून वाजणारे का तो? चहा घे," काकू म्हणायच्या. वाजला की मी हातातलं टाकून धावायची आणि दर वेळी काकांच्या ऑफिसातलंच कोणीतरी असायचं. इतकी आस मला पुढे कशाचीच लागली नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही. वाचेल तो हे. वाचू दे.

शुक्रवारी भाजी घेऊन आले तर काकूंच्या दाराला कुलूप. आई म्हणाली, कोकणातून तार आली, काकूंचे सासरे गेले, सगळे मिळेल त्या एसटीने निघाले. एरवी किल्ली आमच्याकडे असायची, त्या गडबडीत द्यायची राहिली. मेलेल्या माणसावर राग तरी कसा काढायचा?

दुपारी फोन वाजायला लागला. मी धावले. वेड्यासारखं कुलूप ओढून बघितलं. "उचलते हो, उचलते," मी बंद दाराला सांगत होते. वाजायचा बंद झाला, परत वाजला, मग गप्प.

"काकांच्या ऑफिसातला असेल गं," आई मागून म्हणाली. देवाशपथ, मलाही तेच हवं होतं.

नाक्यावरच्या दुकानातून कोऑर्डिनेटरला फोन लावला तर एंगेज. पुन्हा लावला, तरी एंगेज. तशीच उठून अंधेरीला गेले.

"दोनदा केला तुला," तो म्हणाला. "घरात कोणी नव्हतं."

"मी होते," मी म्हटलं. "दाराबाहेर."

त्याने खुर्ची पुढे केली. माणूस वाईट नव्हता. "ती मुलगी निघालीसुद्धा गं, सेटवर पोचली असेल."

"माझे संवाद काय होते, तेवढं सांगाल?"

त्याने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. चारच वाक्यं होती. शिंप्याच्या मशीनचा खडखडाट चालू होता, त्यातच मी उभी राहून ती मोठ्याने म्हटली, बहिणीशी बोलावं तशी. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

छान म्हटली मी. ती चारही मला अजून पाठ आहेत.