पायांचं सूप आणि पितळी बोल्ट

मुलीच्या घरी कुकर गॅसवर चढला की मी उठून गॅलरीत जातो. नातवंडं हसतात. त्यांनी ऐकलेली गोष्ट अशी, की त्यांची आई तान्ही असताना पणजीने डुकराच्या पायांचं सूप कुकरला लावलं, झाकण वाकडं बसवलं आणि कुकर उडवला. तेव्हापासून आजोबा शिट्टीला घाबरतात. माझी बहीण ही गोष्ट अजून रंगवून सांगते. मी तिला एकदाही अडवलं नाही. आता पंचाहत्तरी उलटली आहे, म्हणून काय झालं ते लिहून ठेवतो.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मालाडच्या गावठाणातलं घर सोडून आम्ही जवळच्याच एका इमारतीत दोन खोल्यांत राहायला आलो होतो. मी अंधेरीला एका कारखान्यात फिटर होतो. बायको बाळंतपणाहून घरी आली ती भिंत धरून चालत. रक्त फार गेलं होतं, दूधही नीट उतरत नव्हतं. आईने तिच्याकडे एकदा पाहिलं, माझ्या हातात पिशवी दिली आणि डुकराचे पाय आणायला पाठवलं. आम्ही गावठाणातले ख्रिस्ती. आमच्यात बाळंतिणीला हे सूप देतातच. त्याने अंगात जोर येतो यावर आईचा विश्वास होता, आणि तिच्या हाताखालून बऱ्याच बाळंतिणी उठून कामाला लागल्या होत्या. गावठाणात कुणाचं लग्न असो की मयत, मोठ्या टोपापाशी तीच उभी असायची.

पाय आणले की ती ते आचेवर धरून केस जाळायची, सुरीने खरवडून पांढरे करायची, नखं काढायची. एक उकळी आली की ते पाणी फेकायची. मग नवं पाणी, आलं, कांदा, ठेचलेली मिरी आणि बाटलीत ठासून भरलेल्या आमच्या वर्षाच्या मसाल्याची एक चिमूट. जुन्या घरी हे मागच्या अंगणात चुलीवर अख्खी सकाळ रटरटायचं. सूप प्यायलं की ओठाला ओठ चिकटायचा. नव्या घरात चूल नव्हती. गॅसचा एकच सिलिंडर, दुसरा कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून मी म्हटलं, कुकरमध्ये लाव. आईला कुकरचं भय वाटायचं. गॅस पेटवण्याआधी ती क्रुसाची खूण करायची आणि मी तिची थट्टा करायचो.

त्या कुकरबद्दल एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. काही महिन्यांपूर्वी झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह गेला होता. वाफ कोंडली तर वितळून तिला वाट करून देणारा तो बटणाएवढा नग. दुकानात नवा मिळत होता. पण दिवसभर मशिनी दुरुस्त करणाऱ्याने एवढ्याशासाठी दुकानात काय जायचं? मी झाकण कारखान्यात नेलं, पितळी बोल्टला आटे पाडले आणि त्या जागी आवळून बसवला. थेंब गळत नव्हता. मला माझ्या कामाचं कौतुक वाटलं होतं.

त्या दिवशी मला दुपारची पाळी होती. बायको बाळाला घेऊन पडली होती, मी पलंगाच्या कडेला पेपर वाचत बसलो होतो. स्वयंपाकघर पडद्यापलीकडे. एक शिट्टी झाली. मग काहीच नाही.

"बाबा, शिट्टी येत नाय रे," आई आतून म्हणाली.

"येईल. घाई करू नकोस."

पण माझा कान तिकडेच लागला. शिट्टीआधी जी बारीक सूं सूं चालते तीही थांबली होती. पायाच्या चामडीचा एखादा तुकडा शिट्टीखालच्या नळीत अडकला असणार. आणि लगेच मला तो बोल्ट आठवला.

मी पडदा सारला. खाली आच, वर शिट्टी जागची हलत नव्हती. झाकणाच्या कडेला एक थेंब यायचा आणि तिथेच सुकायचा. गॅसचं बटण माझ्यापासून फार लांब नव्हतं. पण कारखान्यात हवेची टाकी फुटलेली मी पाहिली होती. आता काय होणार ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि माझे पाय उचलेनात. मागे बाळ रडायला लागलं. काय झालं हो, असं विचारत बायको उठायला लागली, ती इकडेच येणार होती, आणि तिला थांब म्हणायलाही मला आवाज फुटेना.

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी एवढंच म्हणू शकलो, "गॅस."

ती पुढे गेली आणि तिने बटण फिरवलं. हात मागे घेत होती तेवढ्यात झाकण गेलं.

आवाजाने कान बंद झाले. छतावरून चरबी ठिबकत होती, सुपातला एक पाय माझ्या चपलेपाशी येऊन पडला होता. आईचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला होता. ती विचारत होती, "बाळ? बाळ बरं हाय ना?"

दवाखान्यातून पट्टी बांधून आणली तोवर घरात शेजारी जमले होते. झाकण वाकडं बसलं असणार, असं कुणीतरी म्हणालं. संध्याकाळी बहीण आली आणि तिने ठरवूनच टाकलं, की आईला आता गॅसपाशी जाऊ द्यायचं नाही. मी स्टुलावर चढून छताची चरबी पुसत राहिलो. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना झाकण पेपरात गुंडाळलं आणि वाट वाकडी करून खाडीच्या चिखलात फेकलं. भंगारवाल्याला द्यायची छाती झाली नाही. त्याने बोल्ट पाहिला असता. फेकल्यावरही वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस माझ्या रिकाम्या हातांकडे बघतोय असं वाटत होतं.

पुढे सूप मी उघड्या टोपात केलं. आई पडद्यापाशी स्टुलावर बसून सांगायची, मी ढवळायचो. बायको हळूहळू उभी राहिली. एकदा पट्टी बदलताना आई म्हणाली, "झाकणाची खाच जुळलेली मी बघितली होती रे. बघितली होती ना?"

"विसरली असशील, आई," मी म्हणालो.

तिने मान हलवली. त्यानंतर ती दाराला कडी घातली का, हेही दोनदा विचारायला लागली. पुढे बरीच वर्षं जगली, पण गॅस कधी पेटवला नाही. चहा हवा असला तरी कुणी घरी येईपर्यंत बसून राहायची.

हे आधी बहिणीला वाचून दाखवणार आहे. ती काय बोलेल याची या वयातही धास्ती वाटते. पण झाकण आईने नीट लावलं होतं. खाच जुळलेली होती. पडदा धरून उभा होतो तेव्हा मी ती पाहिली होती.