हमिंग घालवायला तोडलेली पिन

ज्याने कोणी आमच्या भागातल्या लोकांना हे शिकवलं, त्याला मी माफ करणार नाही. स्पीकरमधून घूंऽऽ असं हमिंग येतंय? प्लगची वरची जाड पिन तोडा! हमिंग जातं, खरं आहे. पण ती अर्थिंगची पिन. उद्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात करंट उतरला तर तो जमिनीत जाणार कुठून? हात लावणाऱ्याच्या अंगातून! इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी डहाणूत पप्पांच्या रिपेअरिंगच्या दुकानात बसले, आणि वर्षभरात तुटक्या प्लगांनी एक खोका भरला. प्रत्येक प्लगमागे एक किस्सा.

*

डहाणूतले एक रेल्वेतले साहेब. दारातच विचारलं, "मिस्त्री नाही आला?"

"मीच मिस्त्री."

टीव्हीमागे करंटची आणि आवाजाची वायर वेणी घातल्यासारखी एकत्र बांधलेली. मी वेगळ्या केल्या, नवा प्लग लावला. हमिंग बंद! चार दिवसांनी फोन, परत आवाज येतोय. गेले, तर पुन्हा वेणी!

साहेबांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "पाहुणे येणार होते गं. पसारा दिसतो!"

तुटकी पिन मात्र पसारा नाही. पाहुण्यांना ती दिसत नाही ना!

*

घोलवडच्या चिकूवाल्या शेठनी घरातल्या टीव्हीपासून शेडमधल्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत साधी बल्बची वायर ओढलेली. पिन तोडूनही पाण्याची मोटर लागली की स्पीकर गुरगुरायचा. मी सांगितलं, आवाजासाठी आतून तारेची जाळी असलेली वायर लागेल, मोटरच्या लाइनपासून लांब.

"मोटर चालू असली की गाणी मोठी करायची ने, बेन!"

*

अच्छाडला धाब्यामागेच घर असलेला एक भाऊ. फोन स्पीकरला जोडलेला, तोच फोन चार्जिंगलाही. मी चार्जर उपटला. शांत! म्हटलं, चांगला चार्जर घ्या.

"एवढ्यासाठी डहाणूवरून आलीस? पिन तर मी स्वतःच तोडली होती. फुकटात!"

*

आणि वेवजीचे गुरुजी. घरात सगळे अनवाणी, पण अ‍ॅम्प्लिफायरखाली एक रबरी चप्पलजोड.

"ही कोणाची?"

"आवाज वाढवायची," गुरुजींच्या घरच्या वहिनी सहज म्हणाल्या. "घातली की झिणझिण्या येत नाहीत."

त्यांची लेक चौथीत आहे. तिलाही तसंच शिकवलेलं!

"गुरुजी, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता ना?" माझा आवाज चढला. मी प्लग उपटला. वरची पिन तोडलेली.

डबा उघडला. आतली एक वायर घासून पत्र्याला टेकलेली. ती बदलली. तीन पिनांचा प्लग लावला, बोर्डाचं अर्थिंग तपासलं. दोन्हींना एकच अर्थिंग मिळावं म्हणून टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेतले. हमिंगही गेलं. मग सगळ्यांसमोर मी अनवाणी उभी राहून डब्यावर हात ठेवला.

"बघा! आजपासून चप्पल बंद."

दारात उभी राहून सगळं बघत असलेली शेजारची बाई लगबगीने आत आली.

"मग ती चप्पल मला द्या ना, वहिनी. आमच्या फ्रिजची तुटली."