पाच पायांचं तखत

१९९४ साल. मला तेव्हा सत्तरावं लागलं होतं. बायको म्हणायची बहात्तरावं, पण ती काही माझ्या बारशाला हजर नव्हती. भाद्रपदात जावयाचं पत्र आलं. जावई सुधाकर उज्जैनला हायस्कुलात गणित शिकवतो. त्याने लिहिलं होतं, 'मामा, पंधरा दिवस या, आणि हत्यारं घेऊन या. माझ्या नववीच्या मुलांना तुमचा उपयोग आहे.' हे पत्र मी गावात सातआठ जणांना वाचायला दिलं. मला वाचता येतं, तिसरीपर्यंत शिकलोय. पण आपली स्तुती दुसऱ्याने मोठ्याने वाचलेली बरी.

आमचं गाव धुळ्याजवळ. एस.टी. शाळेसमोर थांबते. निघालो त्या दिवशी गुरुजी पायरीवरच उभे होते. शाळेतलं त्यांचं टेबल माझ्या हातचं, अस्सल सागवानी, आणि त्याच्या एका पायाखाली कायम कागदाची घडी असते. गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, उज्जैनच्या पोरांना शिकवायला चाललात. आमचं टेबल अजून डुगडुगतंय."

"टेबल सरळ आहे," मी म्हणालो. "तुमची फरशी वाकडी आहे." हे उत्तर मी अकरा वर्षं देत होतो आणि ते खरं होतं.

धुळ्याला इंदूरची गाडी धरली. कंडक्टर म्हणाला, करवत टपावर टाका. मी म्हणालो, मग मलाही टपावर टाका. शेवटी गोणपाटात गुंडाळलेली करवत मांडीवर आडवी घेऊन बसलो. शेजारी कापडाचा एक व्यापारी होता, तो इंदूरपर्यंत गुडघे छातीशी धरून आला. बिजासनच्या घाटात पुढे एक ट्रक बंद पडला आणि दोन तास गेले. घाटातल्या देवीला सगळे ड्रायव्हर नाणं टाकतात. मी टाकलं नाही. देवीने त्या ट्रकचे ब्रेक तपासले असते तर टाकलं असतं.

इंदूरला सकाळी पोहे खाल्ले. तिकडे पोह्यांवर शेव घालतात आणि सोबत जिलबी देतात. तिखट आणि गोड एकाच घासात, हा काय प्रकार म्हणून मी नाक मुरडलं आणि आणखी एक ताटली मागवली.

उज्जैन म्हणजे देवळांचं गाव, असं ऐकलं होतं. मला आधी दिसले ते फोनच्या बूथचे पिवळे बोर्ड, आणि गच्चीगच्चीवर आभाळाकडे तोंड करून ठेवलेल्या टीव्हीच्या तबकड्या, जणू वरून वरणभात पडणार आहे. टेम्पोत अकरा जणांबरोबर कोंबला जाऊन माधव नगरला पोचलो. मुलगी मंदा दारातच म्हणाली, "बाबा, हात-पाय धुऊन घ्या, फटाफट चाय टाकते." पंधरा वर्षांत पोरीची भाषा अर्धी तिकडची झालेली. रागावणार होतो, पण चहा चांगला होता.

रात्री जेवताना सुधाकरने खरी गोष्ट सांगितली. दर शनिवारी तो मुलांना वर्गाबाहेर नेतो. पुस्तकात जे शिकवलं ते गावात कुठे लागू पडतं ते मुलांनी शोधायचं, आणि एखादं अडलेलं काम सोडवून दाखवायचं. हा तास मिळवायला त्याला तीन वर्षं भांडावं लागलं होतं. आता पालकांच्या तक्रारी आल्या होत्या, की पोरं घाटावर जाऊन कचोऱ्या खातात आणि पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा आहे. मोठ्या बहनजी (तिकडे शाळेतल्या बाईंना बहनजी म्हणतात, ह्या प्राचार्या) म्हणाल्या होत्या, हा शनिवार सोडून पुढच्या शनिवारी मी स्वतः बघायला येते. एक काम सुटलेलं दाखवा, नाहीतर हा तास बंद.

"मुलांनी काम शोधलंय," सुधाकर म्हणाला. "रामघाटावर एका पंडाजींचं तखत आहे, ते हिलतं. मामा, तुम्ही फक्त मुलांबरोबर उभे राहा."

उभं राहण्यासाठी मी करवत मांडीवर घेऊन आलो नव्हतो.

शनिवारी रामघाटावर गेलो. पितृपक्ष चालू होता आणि घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. जिवंतपणी बापाला ज्यांनी पाणी विचारलं नसेल तेही लोटाभर ओतत होते. पंडाजी म्हणजे तिथले उपाध्याय. एकेक जण आपापलं तखत (लाकडी, पायांची बैठक) मांडून, त्यावर गादी आणि घराण्यांच्या नावांच्या वह्यांची पेटी ठेवून बसतो. आमचे गिरिजाशंकर महाराज अंगाने भरभक्कम. त्यांच्यावर थंड पेयाच्या कंपनीने फुकट वाटलेली लालभडक छत्री होती. मंत्र म्हणताना ते पुढे झुकले की तखत 'टक' करायचं, मागे झाले की पुन्हा 'टक'. एक यजमान म्हणे संकल्प सोडताना टाळ समजून ताल धरायला लागला.

मुलांच्या टोळीची पुढारी वंदना नावाची मुलगी होती. दोन वेण्या, हातात वही. मी तखताखाली वाकून बघतोय तोच ती म्हणाली, "दादाजी, इसको तीन पैर पर कर दो. तीन बिंदुओं से एक ही समतल बनता है. तीन पैर कभी नहीं डगमगाते."

मी माझ्या हिंदीत विचारलं, गाय दुहायचं स्टूल बनवायचंय का? तुमच्या सरांनी कधी तखत बनवलंय का? मुलं हसली. सुधाकर बाजूला उभा होता, तोही हसला, पण त्याचं हसू लवकर संपलं.

मग मी करवत काढली. ज्याचा पाय लांब त्याचा कापायचा, ह्यात शिकवण्यासारखं आहे काय? नदीकडचा उजवा पाय थोडा कापला. तखत डावीकडे डुलायला लागलं. डावा कापला. मग मागचे बोलायला लागले. बारा वाजेपर्यंत मी चारही पायांभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मागचे दोन पाय तर चांगले चार बोटं आखूड झाले. शेवटी गादी-पेटीसकट तखत बसलं ते दगडासारखं. घाटावर लोक भांग घेतात. नंतर वाटलं, आपणही घेतली असती तर दोष द्यायला काहीतरी असतं.

महाराज बसून बघून म्हणाले, "मिस्त्री, हिलता तो नहीं. पर मैं यजमान के घुटनों तक आ गया." आता गाऱ्हाणं न करता दक्षिणा मोजणारा पंडा अजून जन्माला यायचाय, असं मनात म्हणून मी भुसा झाडला.

वंदना वहीत काहीतरी लिहीत होती. मी विचारलं काय लिहितेस. म्हणाली, कुछ नहीं.

बुधवारी वर कुठेतरी पाऊस झाला आणि क्षिप्रेचं पाणी रात्रीतून चढलं. घाटावर हे नेहमीचंच. पाणी चढलं की पंडे तखतं उचलून वरच्या पायऱ्यांवर नेतात, उतरलं की खाली आणतात. गुरुवारी सकाळी गिरिजाशंकर महाराज सायकलरिक्षा करून माधव नगरला हजर. मी ओट्यावर दाढी करत होतो. ते रिक्षातून उतरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, पहले डगमगाता था. अब कूदता है."

सगळ्या आळीने ऐकलं.

रात्री मंदाने बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून डाळीबरोबर खातात) केले होते. माझा आवडता पदार्थ होणार होता, पण पहिलाच गोळा मी ताटात फिरवत बसलो. मंदा म्हणाली, "बाबा, करवत हातात घ्यायच्या आधी तुम्ही कधी कुणाला विचारलंय?" सुधाकरने तिला गप्प केलं. मला म्हणाला, "मामा, परेशान नका होऊ. बहनजींना मी सांगेन, मीच मुलांना चुकीचं समजावलं."

ते मला मंदाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. माझ्या वाकड्या कामाचं ओझं दुसऱ्याने उचलावं, इतका मी म्हातारा झालो नव्हतो. बायकोच्या हिशेबानेसुद्धा.

पहाटे एकटाच घाटावर चालत गेलो. तखत वरच्या पायरीवर ठेवलेलं. चहूबाजूंनी दाबून पाहिलं, मग खालचे दगड हाताने चाचपले. शेकडो वर्षं लोकांच्या टाचांनी झिजून एकेका दगडाला निराळा खळगा पडलेला. मी तखत त्या एका पायरीच्या मापाने कापलं होतं. तखताला मात्र सगळ्या घाटावर बसायचं होतं. ते काही माझ्यासारखं एका जागी हट्ट धरून बसणारं नव्हतं.

तिथून थेट शाळेत गेलो आणि नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. तिसरीनंतर साठ वर्षांनी. बाकाचा सांधा ढिला होता, पण मी काही बोललो नाही, हे माझ्या खात्यात धरा. सुधाकरचा खडू फळ्यावर थांबला. मी उभा राहून वंदनाला म्हणालो, "बेटी, तेरा बराबर था. मेरा गलत था." मग मी पुढे म्हणालो, "लेकिन एक बात बता. तीन पैर पर तखत रखा, और कोई मोटा यजमान बिना पैर वाले कोने पे बैठ गया, तो?"

तिने वही उघडली, बंद केली. मी सुधाकरकडे पाहिलं. त्याने खडू खाली ठेवला, हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. त्याला उत्तर माहीत होतं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मग मुलांनी तीन दौती मांडून त्यावर पाटी ठेवली. दोन दौती पुढच्या कोपऱ्यांखाली, एक मागच्या बाजूच्या मधोमध. वंदना बोटाने दाबत गेली. तिन्ही दौतींच्या मधे कुठेही दाबलं तरी पाटी ढिम्म. मागच्या कोपऱ्यावर दाबलं की पाटी उलटी. दुसऱ्यांदा शाई तिच्या ओढणीवर सांडली. ती म्हणाली, "त्रिकोण के बाहर दबाओ तो गिरता है. त्रिकोण के अंदर कभी नहीं." आणि मग ओढणीकडे बघत हळूच म्हणाली, "कोने में कुछ चाहिए, जो रोज़ का बोझ न उठाए. बस गिरते को पकड़े."

साठ वर्षं लाकूडकाम केलेल्या माणसाला त्या वेळी काय दिसलं असेल? मला माझेच दोन आखूड पाय दिसले. मागचे. चार बोटं कापलेले. ते तिथेच राहू द्यायचे आणि त्यांच्या मधोमध एक नवा, लांब पाय बसवायचा. तखत पुढचे दोन आणि मधला, अशा तिघांवर उभं राहील. कोपऱ्यातले दोघे जमिनीच्या जरा वर लटकतील. कुणी कोपऱ्यात बसलाच तर तखत तेवढं झुकेल आणि पाय टेकून थांबेल. फक्त चार बोटांची फट जास्त होती, म्हणून त्यांना खालून तुकडे जोडायचे.

ते मी मुलांना सांगितलं. वंदनाने विचारलं, फट किती ठेवायची? मी म्हणालो, अर्धं बोट, अंदाजाने. ती म्हणाली, "अंदाज़ से तो शनिवार को काटा था, दादाजी." वर्ग हसला. मीही हसलो, थोडा उशिरा.

दुपारभर घाटावर काम चाललं. मुलांनी पाच पायऱ्यांवरच्या दगडांचे खळगे मोजले आणि सगळ्यांत खोल खळग्याहून फट किंचित मोठी धरली. ती पाऊण बोट निघाली. मी नवा पाय तासला, पटाशीने खाच घेतली, तुकडे जोडले. मग आम्ही ते तखत महाराजांच्या पेटीसकट पाचही पायऱ्यांवर नेऊन ठेवलं. कुठेही 'टक' नाही. महाराज म्हणाले, पाच पायांचं जनावर अशुभ असतं. मी म्हणालो, मग यजमानाला सांगा दुर्मीळ असतं, दोन रुपये जास्त देईल. ते विचारात पडले.

शनिवारी मोठ्या बहनजी आल्या. बाई महाराजांना शोभतील अशाच अंगाच्या. इकडेतिकडे पाहिलं, कचोरीचा एक द्रोण पायाने बाजूला सारला, आणि कुणी काही सांगायच्या आत दमून तखताच्या मागच्या कोपऱ्यावर बसल्या. बरोब्बर कोपऱ्यावर. तखत झुकलं. सुधाकरने डोळे मिटले. तखत पाऊण बोट खाली गेलं, आखूड पाय टेकला, आणि थांबलं.

बहनजी म्हणाल्या, "ये तो हिला."

"जी, हिला," वंदना म्हणाली. "पर गिरा नहीं. क्यों नहीं गिरा, बताऊँ?" आणि तिने घाटाच्या दगडावर खडूने त्रिकोण काढला.

बाई ऐकत राहिल्या. मग स्वतः उठून दुसऱ्या कोपऱ्यावर बसल्या, मग मधे बसल्या, मग वाकून खाली पाहिलं. हे कुणाच्या डोक्यातून आलं, असं त्यांनी विचारलं. वंदनाने माझ्याकडे बोट केलं. मी वंदनाकडे केलं. बहनजी उठल्या आणि साडी झटकत म्हणाल्या, "शनिवार चलने दो. कचौरी बंद."

त्या रात्री मंदाने पुन्हा केलेले बाफले मी मोजून खाल्ले. आकडा सांगत नाही.

चार दिवसांनी परतीची गाडी धरली. ह्या वेळी कंडक्टरने करवत टपावर टाका म्हटल्यावर टाकली. बिजासनच्या घाटात मात्र नाणं टाकलं नाही. माणसाने एकदम सगळंच बदलू नये. वाटेत विचार करत होतो. मला शाळेतून काढलं तेव्हा वाटलं होतं, की भिंतीच्या आत आहे ते खोटं आणि बाहेर आहे ते खरं. साठ वर्षं मी तसंच लोकांना ऐकवलं. खरं तर दोन्हींकडे एकेक पाय तोकडा आहे. माझा जावई दर शनिवारी नुसता मधला पाय बसवत असतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी शालही देत नाही.

रात्री उशिरा घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आत शाळेत गेलो. करवत घरीच ठेवली. टेबलाखालची कागदाची घडी काढून खिशात टाकली. गुरुजी म्हणाले, "आता फरशीला दोष देणार?" मी म्हणालो, "फरशी वाकडीच आहे. टेबल करायच्या आधी मी ती बघितली नव्हती." मग चौथीची सगळी पोरं टेबलाभोवती उभी केली, एकाला टेबल हलवायला लावलं, विचारलं, हे का डुगडुगतं ते शोधा, आणि तोंड बंद ठेवून भिंतीला टेकून उभा राहिलो.