बाहेर राहिलेलं तेल

कारखान्यात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. बावीस वर्षांपूर्वी बरण्या धुवायला आलेली बाई आज पावडरचा अख्खा विभाग सांभाळते आणि कुणाचाही माल तीनदा चाळल्याशिवाय पुढे सोडत नाही, म्हटल्यावर लोक गप्प थोडेच बसणार? तिला त्याचं काही वाटत नसे.

काम सांगायला सोपं, करायला महाकिचकट. गाजरातला नारिंगी रंग, म्हणजे कॅरोटीन, त्यापासून शरीर डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व बनवतं; पण तो नुसता पोटात गेला तर बराचसा आला तसा निघून जातो. म्हणून तो तेलात विरघळवायचा आणि ते तेल स्टार्चमध्ये मुरवायचं. स्टार्चही साधा नाही, दाण्यादाण्याला बारीक छिद्रं पाडलेला. तेल छिद्रांत बसलं की पोटात हळूहळू सुटतं आणि अंगी लागतं, निदान तशी आशा असते. तयार पावडरची चिमूट ती दोन कोऱ्या कागदांत धरून अंगठ्याने दाबायची. डाग पडला तर तेल बाहेरच राहिलंय. रंग किती आहे हे यंत्र सांगतं, कुठे आहे ते कागद सांगतो, असं तिचं म्हणणं. मॅनेजर यावर हसायचे.

या वेळचा घाणा मात्र वेगळा होता. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई आतड्याचं ऑपरेशन झालेल्या बारा जणांवर ही पावडर तपासून बघणार होत्या, आणि त्या बारांत तिचा नवरा होता. तो मालाची व्हॅन चालवायचा. ऑपरेशननंतर त्याला तेलातुपातलं काही पचेना, आणि दिवस मावळला की रस्ता अंधुक दिसू लागला. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू होत्या, पण पुरत नव्हत्या. डेपोत त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. "पावडर येईपर्यंत रेटतो," म्हणत तो संध्याकाळची पाळी करत राहिला, आणि तो घरी येईपर्यंत हिचा जीव टांगणीला. सोमवारी पावडर इस्पितळात जाणार होती.

शनिवारी सकाळी तिने कागद दाबला. डाग पडला. दुसरी चिमूट घेतली, पुन्हा डाग. कुठे चुकलं ते तिला तत्क्षणी कळलं. भट्टीतून कोरडा स्टार्च काढताना इस्पितळाचा फोन आला होता, नवऱ्याचं नाव यादीत पक्कं झालं म्हणून. आनंदाच्या भरात ती स्टार्चचं ताट उघडंच टाकून बाहेर गेली, अर्धा तास बोलत बसली. शेजारी बरण्या धुण्याची खोली, सगळीकडे वाफ. त्या ओलाव्याने छिद्रं आधीच भरली, मग तेलाला जागा कुठली?

मॅनेजरांनी यंत्राचा अहवाल पुढे सरकवला. "बाई, रंग पुरेपूर आहे. उगाच खुसपट काढू नका."

"रंग आहे हो साहेब, पण सगळा बाहेर. पोटात गेला तरी अंगी लागणार नाही."

"नवीन घाणा म्हणजे तीन आठवडे. तुमच्या घरचाच माणूस थांबलाय ना?"

तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता. मग तिने नोंदवही ओढली आणि लिहिलं: ताट मी उघडं ठेवलं, स्टार्चला ओल लागली, माल बाद. खाली सही केली. मॅनेजर कपाळाला आठ्या घालून बघत राहिले, पण वहीतलं खोडायची त्यांचीही छाती झाली नाही.

घरी तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. "तुमची पावडर मी अडवली. चूक माझीच होती."

नवरा भडकला. "म्हणजे तुझ्या चुकीचे तीन आठवडे मी भोगायचे? कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. तुम्ही खाल्ली असती, गुण आला नसता, आणि डॉक्टर म्हणाल्या असत्या की ही पावडरच कुचकामी. बाकीच्या अकरा जणांचंही तेच झालं असतं."

"म्हणून तू सहीनिशी लिहून दिलंस? नोकरीचं काय?"

"जाईल तर जाईल. खोटा माल मी तुमच्या तोंडात घालणार नाही."

तो न जेवताच उठला. रविवारही धुसफुशीतच गेला.

सोमवारी ती भल्या पहाटे उठली, नवा स्टार्च भट्टीत लावायचा होता. पाहते तर नवरा तिच्याआधी तयार होऊन पायऱ्यांवर बसलेला.

"एवढ्या लवकर कुठे? तुमची पाळी तर संध्याकाळची."

"डेपोत. मोठे साहेब सकाळीच भेटतात," तो म्हणाला. "त्यांना सांगून टाकतो, अंधार पडल्यावर मला रस्ता दिसत नाही. पुढचं काय ते ते ठरवतील."